दोन बॅटऱ्या आणि एक कडीचा डबा

माणसाने आयुष्यात कधीही "मी आणतो, तू काळजी करू नकोस" असं फोनवर बोलू नये. समोरासमोर बोललं तर निदान बायको पाय दाबून थांबवते. फोनवर ती सोय नसते. मी बोलून गेलो, आणि फोन ठेवून वळलो तेव्हा बायको हातातला टॉवेल तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

"काय आणतोय आपण?" तिने विचारलं.

"आइस्क्रीम," मी म्हणालो. "ताईला. आपल्या शाळेजवळच्या दुकानातलं."

"ताई सव्वापाचशे किलोमीटरवर राहतात."

"मला माहीत आहे ताई कुठे राहते."

ताई माझी थोरली बहीण. दोन महिन्यांपूर्वी तिच्या घशातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला, आणि मग ताईने जेवणच सोडलं. समोर काहीही ठेवा, दोन घास आणि ताट बाजूला. वजन आठ किलोने उतरलं. डॉक्टर म्हणाले, गिळायला आता काही अडचण नाही, यांची इच्छाच गेलीय. मऊ, गार, आवडेल ते द्या. मेव्हण्यांनी घरात चार चवींची आइस्क्रीमं आणून ठेवली, ती तशीच पडून होती. आणि त्या दिवशी फोनवर, ऑपरेशननंतर उरलेल्या घोगऱ्या आवाजात, ताई म्हणाली, "आपल्या शाळेजवळचं ते गुलाबी मिळतं का रे अजून?" दोन महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल, भाऊ बहिणीवर जीव टाकतो. टाकतोच. पण आत आणखी एक भानगड होती आणि ती पन्नास वर्षांत मी कोणालाही सांगितली नव्हती. मी आठ वर्षांचा असताना ताईचे टॉन्सिल काढले होते. घसा तोच, डॉक्टर वेगळे. त्यांनीही आइस्क्रीम द्या म्हणून सांगितलं आणि आईने कडीचा डबा देऊन मला त्याच दुकानात पिटाळलं. येताना मी एका पायरीवर बसलो, चव बघण्यापुरतं झाकण उघडलं, आणि थोड्या वेळाने डबा रिकामा झाला. घरी येऊन मी सांगितलं, "वितळलं. झाकणातून सगळं गळून गेलं." ताईला तेव्हा बोलता येत नव्हतं. तिने नुसती मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ती पाठ मला अजून दिसते.

तर आता हे आइस्क्रीम जाणं भाग होतं, आणि गोठलेलं जाणं भाग होतं. गाडी बंद पडली, रस्ता खचला, मला ताप आला, असं दुसरं कुठलंही कारण मी ताईला सांगू शकलो असतो. वितळलं हे कारण मात्र माझ्यापुरतं कायमचं संपलेलं होतं.

मी सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. एकतीस वर्षं आलेल्या कागदावर शिक्का मारून, नोंद करून तो योग्य टेबलावर पाठवणं हे माझं काम. कामाला पद्धत हवी असं माझं मत आहे. म्हणून मी एक फाइल उघडली, वर "शीतपेटी" असं लिहिलं आणि गाडीत चालणारा छोटा फ्रिज खरेदी केला. उणे अठरा अंशांपर्यंत जातो, गाडीच्या सॉकेटला लागतो, समोर लाल आकड्यांत तापमान दिसतं. गाडी आमची विजेवर चालणारी, चार वर्षांची, सेकंडहँड घेतलेली. विजेची गाडी आणि विजेचा फ्रिज, यात अडचण ती काय येणार, असं मी बायकोला म्हणालो. ती फ्रिजबरोबर आलेली पुस्तिका वाचत होती. माझी बायको कुठल्याही यंत्राची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, या सवयीची मी आजवर पुष्कळ थट्टा केली आहे.

दुकानातल्या प्लास्टिकच्या खोक्यांपैकी एकही त्या फ्रिजमध्ये बसेना. तेव्हा बायकोने माळ्यावर चढून एक डबा काढला. आईचा कडीचा डबा. तोच. "हा बघा अगदी बरोब्बर बसतो," ती खुशीत म्हणाली. मी म्हणालो, दुसरा बघ. ती म्हणाली, का, याला काय झालं? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

पहिली चाचणी घेतली. डब्यात बर्फ भरला, फ्रिज गाडीत ठेवून सॉकेटला जोडला, आकडा उणे अठरावर गेलेला पाहिला, गाडी लॉक केली आणि समाधानाने ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तो डब्यात पाणी.

हे पाणी मी पार्किंगमधल्या झाडाला ओतत असताना व्होल्टकाका आले. व्होल्टकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वीज कंपनीतून निवृत्त झाले, पण वीज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कोणाच्या घरी मिक्सर बंद पडला की फोन करायच्या आधीच ते दारात उभे असतात.

"सॉकेटला जोडला होतास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि गाडी लॉक केलीस?"

"मग उघडी ठेवू?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढचा पाऊण तास ते बोलत होते. त्यातलं मला समजलं ते एवढं, की माझ्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक गाडीच्या पोटाखाली, पलंगाएवढी, जी गाडी पळवते. दुसरी पुढच्या बॉनेटखाली, बुटांच्या खोक्याएवढी, जी दारं उघडते, दिवे लावते आणि थोरलीला जागं करते. सॉकेट धाकटीवर चालतं, आणि गाडी लॉक झाली की धाकटीला जपायला म्हणून सॉकेट आपोआप बंद होतं.

"म्हणजे पलंगाएवढी बॅटरी भरलेली असून माझा फ्रिज बंद?"

"तिचा थेट संबंध नाही."

"पण गाडी एकच आहे ना?"

"घर एक असलं म्हणून थोरल्या जावेच्या कपाटाची किल्ली धाकटीकडे असते का?" व्होल्टकाका म्हणाले.

मी शोरूममध्ये गेलो. तिथे गळ्यात पट्टा घातलेले एक सल्लागार होते. त्यांनी मला थंड पाणी दिलं, माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की गाडीला बाहेरचं काहीही जोडलं की वॉरंटी संपते, पण अधिकृत उपाय हवा असेल तर कंपनीला लेखी कळवा. लेखी म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. मी विषय, संदर्भ, तीन परिच्छेद आणि "आपला विश्वासू" असं व्यवस्थित पत्र लिहून पाठवलं. तिसऱ्या दिवशी दारात एक मेकॅनिक हजर. माझ्या पत्राची नोंद कंपनीने "गाडीत थंडावा नाही" अशी घेतली होती. त्याने दीड तास गाडीचा एसी तपासला, एसी उत्तम आहे असं सांगितलं आणि तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच मला संदेश आला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. एकतीस वर्षांत मी एकही कागद चुकीच्या टेबलावर पाठवलेला नाही. तो संदेश मी चार वेळा वाचला आणि त्या रागात रविवारची झोप घालवली.

दरम्यान सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. दुसऱ्या चाचणीसाठी मी पॅसेजमधल्या प्लगवरून एक तास फ्रिज गार करून घेतला होता, ते कोणीतरी पाहिलं होतं.

"सामायिक प्लगवर खाजगी फ्रिज चालवायचा तर अर्ज लागेल," ते म्हणाले.

मी रीतसर अर्ज केला. दोन दिवसांनी तो परत आला. "हेतू" या रकान्यात मी प्रामाणिकपणे "आइस्क्रीम" असं लिहिलं होतं, त्याभोवती लाल पेनाने गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह होतं. अर्जावर आवक क्रमांक नव्हता, शिक्का नव्हता, तारीखही नव्हती. मी सेक्रेटरींना म्हणालो, प्रश्नचिन्ह हा शेरा होत नाही. ते म्हणाले, मग आइस्क्रीम हा हेतू होतो का? यावर आमचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं.

शेवटी व्होल्टकाकांनीच मार्ग काढला. त्यांच्या ओळखीचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन होता, त्याच्या दुकानात काका, बायको आणि मी असे तिघं गेलो. त्याने फ्रिजचा मूळ प्लग कचकन कापला, वायर बॉनेटखाली नेली आणि सरळ धाकट्या बॅटरीला जोडून टाकली. "आता गाडी चालू असो, बंद असो, लॉक असो, तुमचा फ्रिज चालूच," तो हात पुसत म्हणाला.

"आणि बॅटरी उतरली तर?" बायकोने विचारलं.

"त्याची सोय फ्रिजमध्येच आहे," व्होल्टकाका म्हणाले. "बॅटरी कमी झाली की तो आपला आपण बंद होतो. तीन पायऱ्या आहेत. आपण सर्वांत खालची ठेवू, म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत चालेल."

"पुस्तिकेत लिहिलंय, गाडीच्या बॅटरीला जोडलं तर सर्वांत वरची ठेवा," बायको म्हणाली. "नाहीतर गाडी सुरू व्हायची नाही."

व्होल्टकाका हसले. लहान मुलाने आकाश निळं का असं विचारल्यावर मोठी माणसं हसतात तसं. "वहिनी, ते पेट्रोलच्या गाड्यांसाठी. आपल्याकडे पलंगाएवढी बॅटरी आहे."

"ती थोरल्या जावेकडे आहे ना?" बायको म्हणाली. पण तोवर मी खालची पायरी दाबली होती. मला फ्रिज आपोआप बंद होणं परवडणारं नव्हतं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. आदल्या संध्याकाळी दुकानात जाऊन डबा भरून घेतला होता आणि रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला होता. आता मूळ मालकांचा मुलगा गल्ल्यावर असतो, पण गुलाबी तेच आहे. उणे अठरा. मी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होतो, आणि मी रस्ता सोडून आकडा बघतोय म्हणून बायको मला बघत होती.

नऊनंतर ऊन तापलं. बायकोने एसीकडे हात नेला.

"नको," मी म्हणालो. "चार्ज पुरायला हवा."

"फ्रिज चालतो आणि एसी नाही चालत?"

"फ्रिज गरजेचा आहे."

यानंतर तिने नॅपकिन ओला करून डोक्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मागच्या सीटवर उणे अठरा, पुढच्या सीटवर चाळीस. ही गोष्ट तिने पुढे जवळच्या दूरच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितली आहे, त्यामुळे मी लपवण्यात अर्थ नाही.

साडेअकराला चार्जिंग स्टेशन आलं. दोन यंत्रं होती. एकावर कागद चिकटवला होता, "बंद आहे". कधीपासून, का, कोणाच्या सहीने, काही नाही. दुसऱ्यावर एक गाडी लागलेली आणि आमच्या पुढे आणखी दोन. मी गाडी रांगेत लावली, लॉक केली, काचेतून आकडा पाहिला, उणे अठराच होता, आणि आम्ही पलीकडच्या कँटीनमध्ये पंख्याखाली जाऊन बसलो. जेवलो. दोनदा चहा घेतला. मी बायकोला म्हणालो, बघ, गाडी बंद आहे आणि फ्रिज चालू आहे, याला म्हणतात नियोजन. हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं सगळं मला जरा सोपं गेलं असतं.

तीन तासांनी आमचा नंबर लागला. मी रुबाबात गाडीपाशी गेलो आणि रिमोट दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. जवळ नेऊन दाबला, काचेला टेकवून दाबला. आत लाल आकडा दिसत नव्हता. फ्रिज काळा, गाडी काळी, आणि मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

धाकटी गेली होती. शेवटच्या थेंबापर्यंत. थोरली गाडीच्या पोटात चाळीस टक्के भरलेली, आणि तिला उठवायला कोणी नाही.

मी मदतकेंद्राला फोन लावला. अकरा मिनिटं बासरी ऐकली. मग एक बाई म्हणाल्या, "सर, पुस्तिकेचं पान एकशे चाळीस उघडा."

"पुस्तिका गाडीत आहे."

"हो सर, ती गाडीतच असते."

"गाडी उघडत नाही, म्हणून तर मी फोन केलाय."

"गाडी कशी उघडायची ते पान एकशे चाळीसवर दिलंय, सर."

मी उन्हात उभा होतो, मागे तीन गाड्यांचे हॉर्न चालू होते आणि काचेपलीकडे माझ्या बहिणीचं आइस्क्रीम शिजत होतं. मला अक्षरशः रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात बायकोने माझ्या हातातून रिमोट घेतला, त्याच्या कडेची खाच नखाने दाबली, आतून एवढीशी लोखंडी किल्ली निघाली, आणि तिने दार उघडलं.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. "मी वाचलंय."

आता प्रश्न धाकटीला शुद्धीवर आणण्याचा. रस्त्यापलीकडून एक गृहस्थ आपली गाडी घेऊन आले. गाडी पेट्रोलची, तीस वर्षांची, एक दार दुसऱ्याच रंगाचं. त्यांनी डिकीतून वायरी काढल्या, त्यांची बॅटरी माझ्या बॅटरीला जोडली आणि इंजिन सुरू केलं. त्यांची गाडी खोकली, थरथरली, काळा धूर सोडला, आणि माझ्या गाडीचे दिवे लागले.

"पुढच्या महिन्यात भंगारात काढणार होतो हिला," ते गृहस्थ बॉनेट थोपटत म्हणाले. "आता नाही काढत." आणि त्यांनी दोन्ही गाड्यांचा एकत्र फोटो काढला. मी त्या फोटोत आहे. तो कुठे कुठे फिरला असेल याचा मी विचार करत नाही.

"त्या फ्रिजची वायर आधी काढा," जाताना ते म्हणाले. "नाहीतर पुढे पुन्हा असंच उभं राहाल."

वायर काढली. गाडी धावत असताना सॉकेटवर फ्रिज सुखाने चालला असता, पण सॉकेटचा प्लग इलेक्ट्रिशियनच्या केराच्या डब्यात होता. गाडी चार्ज केली आणि निघालो. बायकोने न विचारता एसी लावला. डबा काढून मांडीवर घेतला आणि हळूच हलवला. आतून डुबुक असा आवाज आला.

"वाटेत कुठलंही गुलाबी घेऊ," ती म्हणाली. आता तिचा राग गेला होता, ते मला जास्त लागलं. "ताईंना काय कळणार आहे?"

"नको."

"का नको? एवढा हट्ट कशाला?"

तेव्हा मी तिला सांगितलं. पायरी, झाकण, रिकामा डबा, ताईची पाठ, सगळं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. पुन्हा ताईशी खोटं बोलायचं नाही, म्हणालो. बायको गंभीरपणे ऐकत होती. मग तिने मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं, विचारलं, "हाच डबा?" मी मान हलवल्यावर तिला हसू फुटलं. पुढचे वीस किलोमीटर ती हसत होती. मधेच थांबायची, डबा हलवायची, डुबुक ऐकायची, आणि पुन्हा सुरू.

ऊन उतरताना पोचलो. ताई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. गाउनच्या बाहीतून तिचे हात काड्यांसारखे दिसत होते. फोनवर आठ किलो हा आकडा होता. समोर ती माझी ताई होती. मी तिच्या पायाशी स्टूल ओढून बसलो.

"ताई," मी म्हणालो, "वितळलं गं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग बायकोच्या हातातल्या डब्याकडे. तिने डबा मागून घेतला, कडीवरून बोट फिरवलं, कानाशी नेऊन हलवला. डुबुक.

"आईचा ना हा?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"हो."

तिने डबा उलटा धरला. चांगला मिनिटभर धरला. मेव्हणे पुढे धावले, अगं सांडेल, म्हणाले. एक थेंब पडला नाही.

"तेव्हाही मी पाहिलं होतं," ताई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पाणी भरून, असाच उलटा धरून. नाही गळत हा."

मी स्टूल दोन बोटं मागे सरकवलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पेन्शनला दोन वर्षं उरलेली.

"वेड्या, वितळलेलं डब्यात राहतं," ती म्हणाली. "तेव्हा वितळलेलं आणलं असतंस तरी मी प्यायले असते."

"बोलली का नाहीस मग? पन्नास वर्षं?"

"तेव्हा घसा दुखत होता. नंतर म्हटलं, बघू कधी सांगतो."

तिने मेव्हण्यांना पेला आणायला सांगितला. पेला भरला, दोन्ही हातांनी धरून ती हळूहळू प्यायली, डोळे मिटून. मेव्हणे दारात थिजल्यासारखे उभे होते. पेला रिकामा करून तिने पुढे केला. बायकोने पुन्हा भरला. तोही संपला. मेव्हण्यांनी चष्मा काढून पुसला आणि आत निघून गेले.

एवढ्यात माझा फोन वाजला. व्होल्टकाका. "काय रे, तापमान किती राहिलं?" मी म्हणालो, "काका, नंतर बोलतो," आणि फोन बंद करून खिशात टाकला.

तिसऱ्या पेल्याला ताई थांबली. डब्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. तिने डबा माझ्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "आणि या वेळी तोंड पुसून घरात ये. तेव्हा कानापर्यंत गुलाबी होतास."